खुराड्याची फट

वाघोलीतली थंडी पुण्याच्या पेठेतल्या थंडीपेक्षा एका शालीने जास्त असते. पेठेत घरं एकमेकांना टेकून उभी असतात, वाऱ्याला वळायलाही जागा नसते. आमच्या घरामागे मोकळे प्लॉट आहेत, त्यापलीकडे एका अर्धवट इमारतीचे खांब आणि मग सरळ माळ. डिसेंबरात तिकडून निघालेला वारा आमच्या मागच्या भिंतीवर येऊनच थांबतो. त्या भिंतीला लागून माझ्या वडिलांनी कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आता एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे मी लपवत नाही आणि कोणी विचारायची वाटही बघत नाही. वडिलांच्या पाठीवरच्या पोत्यांवर मी शिकले असं कोणी म्हणालं, की मी एवढीच दुरुस्ती करते : पोती त्यांची, अभ्यास माझा. वडीलही हेच सांगतात.

आई गेल्यावर त्यांनी गुलटेकडीची भाड्याची खोली सोडली. मला भाऊ नाही. वेल्ह्याकडच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ आहे, पण तो स्वतःच आजारी. तिथे वडिलांना भाकरी करून घालणारं कोणी नाही, दवाखाना लांब आणि घराच्या एका बाजूला नुसता कुडाचा आडोसा. तरी ते तिकडेच निघाले होते. आमच्यात बापाने लेकीच्या घरी राहायचं नसतं. दोन दिवस पाहुणा म्हणून यावं, चहा घ्यावा, गाडी पकडावी.

त्यांना थांबवलं ते कोंबड्यांनी. आईने खोलीमागे गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. त्या डालग्याखाली झाकून, टेम्पोत घालून वडील माझ्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "गावाकडं मुंगसं लई. तुझ्या मागं जागा हाय. ह्यांचं बघतो जरा."

मी म्हटलं, "बघा."

मग फोन यायचे. नातेवाईक विचारायचे, हल्ली कुठे मुक्काम? वडील सांगायचे, "वाघोलीला. कोंबड्यांकडं हाय." लेकीकडे आहे असं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नवरा मला हळूच म्हणायचा, "आपण दोघं कोंबड्यांचे भाडेकरू." मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. माणूस डोळ्यांसमोर होता, औषधाची गोळी वेळेवर घेत होता. कोंबड्या आहेत तोवर वडील आहेत, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

म्हणून पहिल्या कडाक्याच्या सकाळी ठिपक्यांची कोंबडी मरून पडलेली दिसली, तेव्हा मला कोंबडीपेक्षा वडिलांची काळजी वाटली. त्यांनी तिला शेवग्याच्या बुडाशी पुरलं, हात धुतले आणि चहा पिता पिता विचारलं, "स्वारगेटवरनं वेल्ह्याची गाडी सकाळी कितीला असती गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मला माहीत होती.

त्याच दिवशी त्यांनी खुराडं झाकायला घेतलं. ते बघण्यासारखं होतं. जन्मभर माल झाकलेला माणूस. आधी चारी बाजूंनी बारदान, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स, आणि सगळ्यावर सुतळी, अशी आवळून की टाचणी शिरू नये. शेजारच्या काकू कसब्यातून मुलाकडे राहायला आल्या आहेत. त्यांनी कुंपणावरून निरखून बघितलं.

"अहो, पार्सल कुठे पाठवायचंय?" त्यांनी विचारलं.

"थंडी हाय, वयनी."

"असू दे, असू दे. पत्ता तेवढा लिहा वरती."

नवऱ्याने आपल्या परीने एक बल्ब आणून आत टांगला. बल्ब एलईडीचा. पूर्वीचे तारेचे बल्ब तापायचे, याचा उजेड तेवढा पडतो, ऊब शून्य. कोंबड्या रात्रभर दिवस समजून जाग्या राहिल्या. सकाळी वडिलांनी बल्ब काढून त्याच्या हातात ठेवला. "पाव्हणं, अभ्यासाला बसल्या व्हत्या सगळ्या."

पण खरी अडचण वेगळी होती. रोज सकाळी झाकण उघडलं की आतून दमट वाफ यायची. खालचा भुसा ओला, ताडपत्रीच्या आतून पाण्याचे थेंब. तांबडी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून घुरघुर. वडिलांना वाटलं, अजून कुठून तरी गारठा शिरतोय. त्यांनी आणखी एक बारदान चढवलं. तांबडीची घुरघुर वाढली.

मी एकदा आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. डोळे चरचरले. तो वास मला कॉलेजपासून ओळखीचा आहे. अमोनिया. शिटेचा वायू आणि कोंबड्यांच्या श्वासाची ओल, दोन्ही आत कोंडलेली. कोरडी थंडी पिसं फुगवून सोसता येते. ओल्या पिसांत ऊब धरत नाही. हे मी वडिलांना सांगितलं, सोपं करून सांगितलं.

"आप्पा, वरच्या बाजूला फट ठेवा. आतली हवा बाहेर जाऊ दे."

"आणि बाहेरची आत येऊ दे?"

"थोडी येऊ दे."

"थोडी थंडी, थोडं मरान," ते म्हणाले. "वारं लागूनच गेली ना ठिपक्यांची?"

"तेव्हा वारा थेट अंगावर होता. मी डोक्याच्या वरून म्हणतेय."

"तू कारखान्यातलं बघ. हितलं मी बघतो."

मला राग आला. पदवीचा कागद पुढे करून बाप ऐकेल अशी माझी समजूत कधीच नव्हती, पण आपलं बरोबर असताना गप्प बसायची सवयही मला नाही. त्यात तांबडीने दाणे टिपायचं सोडलं होतं. ती गेली असती तर गाडीची वेळ त्यांनी मला विचारली नसती, थेट स्वारगेट गाठलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते मागे उन्हात बसून बिडी ओढत होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायची, तेव्हा कांद्याच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागायची. त्या थप्प्यांमध्ये ते मुद्दाम बोळ सोडत. मी विचारलं, "आप्पा, कांद्याची गोणी प्लास्टिकात बांधून ठेवली तर?"

"कोन बांधंल? येडा का काय."

"समजा, बांधली. थंडी वाजते म्हणून."

"घाम सुटंल कांद्याला. दोन दिसात सडका वास." बिडी तोंडाजवळ नेता नेता थांबली. ते खुराड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोंबडी म्हंजे काय कांदा हाय व्हय?"

"कांद्यापेक्षा जास्त श्वास घेते."

मी उठून आत गेले, भाजी निवडायला.

थोड्या वेळाने सुतळी कापल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर वडील खुराड्याचं दार उघडून आत बिडी धरून बसले होते. ओढत नव्हते, धूर बघत होते. धूर वर जाऊन ताडपत्रीखाली दाटायचा आणि तिथेच घोटाळायचा. त्यांनी माळाची बाजू तशीच बांधून ठेवली. भिंतीच्या बाजूला, छपराच्या पत्र्याच्या लगेच खाली, हाताच्या पंजाएवढी फट कापली. पुन्हा बिडी धरली. आता धूर सरळ फटीतून बाहेर गेला, आणि खाली, कोंबड्या बसतात तिथे, पीसही हललं नाही. त्यांनी त्याच बिडीचा एक झुरका घेतला.

पुढचं सगळं त्यांनी मला न विचारता केलं, आणि मी न विचारता करू दिलं. ओला भुसा काढून भाताचं कोरडं तूस जाड पसरलं. बसायला गोल बांबू होता, तो काढून चपटी फळी ठोकली, म्हणजे कोंबडी पायांवर पोट टेकून बसते आणि बोटं पिसांखाली झाकली जातात. संध्याकाळी कोंडायच्या आधी मूठ मूठ बाजरी, कारण पोट भरलेलं असलं की रात्र ऊबदार जाते. सकाळी कोमट पाणी. तांबडीला त्यांनी वेगळं डालग्याखाली, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. नवरा म्हणाला, "मामा, हिला चहा देऊ का?" वडील म्हणाले, "साखर कमी."

थंडी मात्र उतरली नाही. उलट त्या आठवड्यात शेजारच्या गाड्यांच्या काचांवर दव गोठल्यासारखं दिसायचं. काकू म्हणाल्या, "एवढं बांधलंत आणि आता खिडकी ठेवलीत? हवा पालटायला?" वडील म्हणाले, "व्हय. बंगला हाय त्यो." सकाळी दार उघडलं की आतून फक्त तुसाचा वास यायचा. कोंबड्या फळीवर गोळा होऊन बसलेल्या, फुगलेल्या, कोरड्या.

तांबडीने आधी पाणी घेतलं, मग भिजवलेली भाकरी. तिची घुरघुर एकदम थांबली नाही. पण एका सकाळी ती डालगं ढकलून स्वयंपाकघरात आली आणि मी निवडलेली मेथी विस्कटून गेली. वडिलांनी तिला उचलून खुराड्यात नेऊन सोडलं. इतर कोंबड्यांनी तिला दोन टोचे मारले आणि फळीवर जागा दिली.

संक्रांतीच्या दिवशी चुलत्याचा फोन आला. वडील मागच्या पायरीवर ऊन खात होते. मी आत तिळाचे लाडू वळत होते. फोन स्पीकरवर होता, त्यांना दुसरं जमत नाही.

"थंडी सरली आता," चुलता म्हणाला. "कवा येतूस गावी?"

"बघू की."

"अजून त्या कोंबड्यांकडंच का?"

वडील म्हणाले, "कोंबड्या बऱ्या हायती. लेकीकडं हाय मी."

पलीकडे चुलता काहीतरी म्हणाला, ते कोंबड्यांच्या कलकलाटात मला ऐकू आलं नाही. वडिलांनी फोन ठेवला आणि आत हाक मारली, "अगं, बाजरी संपलीय. यार्डातनं आणाय सांग पाव्हण्याला. हितल्या दुकानातली नगं, निम्मी माती असती."

मी नवऱ्याला सांगितलं.