अरबाबची बंदूक मी दुरुस्त केली

मंदा जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून वाल सोलले.

दुसरं काही नाही. शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये पेपर पसरून ती सोलत होती आणि पंख्यानं सालं उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर पाय ठेवून बसलो होतो (घरकामात मला एवढंच जमतं). मधेच ती थांबली. म्हणाली, "अहो, ती अरबाबची बंदूक आठवते?" आणि जी हसत सुटली ती वाटीतले वाल सांडेपर्यंत. रात्री झोपली ती उठलीच नाही.

भेटायला आलेले लोक विचारायचे, शेवटचं काय बोलली? देवाचं नाव घेतलं का? मी सांगायचो, बंदुकीचं बोलली. मग लोक चहा पिऊन जायचे. म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकतो.

मी चौथी पास. शारजाबाहेर वाळवंटात एका अरबाबचा, म्हणजे मालकाचा, नेमबाजीचा क्लब होता, तिथं मी कामाला होतो. मेंबर लोकांनी भोकं पाडलेले कागद काढायचे, कोरे लावायचे आणि बंदुका पुसायच्या. शिकवायला पेशावरचे खानसाहेब होते. माझा व्हिसा अरबाबच्या हातात आणि मंदाचा माझ्या व्हिसावर. लग्नानंतर निम्मं आयुष्य मी दुबईतल्या सोनापूरच्या मजूर कॅम्पात आणि ती गावाला, असं काढल्यावर कुठं तिला आणलं होतं. पडदेसुद्धा तिनं नुकतेच शिवले होते.

अशात अरबाबनं नवी बंदूक मागवली. शिकारीची, खालच्या कडीला झटका दिला की पुढची गोळी चढते तसली. आफ्रिकेत हरणं मारायला न्यायची होती. पहिल्याच दिवशी त्यानं ती वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या. मी कागद आणला. तीन भोकं, चार बोटांत मावतील अशी पसरलेली.

अरबाबनं भोकांवर चार बोटं ठेवून पाहिली. खानसाहेब म्हणाले, "अरबाब, ये डिब्बे से निकली हुई शिकार की बंदूक है. लोहे का सादा निशाना, बाज़ार की गोली. चार उंगली बहुत है. हिरन का सीना तो परात जितना होता है."

विषय तिथं संपला असता. पण मी शेजारी उभा होतो ना.

"अरबाब, मेरे को दो," मी म्हणालो. "स्क्रू ढीला है. दसरा तक तीनो गोली एक छेद में डालेगा."

"नहीं हुआ तो?"

"तो मेरा व्हिसा काट दो."

हे मी का म्हणालो, ते मला आजही ठाऊक नाही. तोंड माझंच होतं, एवढं नक्की. अरबाब म्हणाला, "खलास. खान, तुम सुना?" खानसाहेबांनी कपाळाला हात लावला.

घरी सांगितलं तर मंदा पोळी लाटता लाटता थांबली. "व्हिसा काटा म्हणालात?"

"बोलण्याच्या भरात गं."

"तुमचा भर. आणि माझा व्हिसा कुणाच्या शेपटाला बांधलाय?" तिनं लाटणं खाली ठेवलं. "मी काही परत जायची नाही. तुम्ही जा. मी इथंच राहीन, त्या खानसाहेबांना जेवण करून घालीन."

दुसऱ्या दिवसापासून मी बंदुकीला भिडलो. या बंदुकीच्या नळीखाली गोळ्या भरायची दुसरी नळी असते आणि दोन्ही मिळून लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. मी पट्ट्या आवळल्या. मग मागचा लाकडी दस्ता आवळला. जो स्क्रू दिसला तो आवळला. एकाला तर पान्याच्या दांड्यावर पाय देऊन आवळलं. मग खानसाहेबांना म्हटलं, आता मारून बघा.

चार बोटांची वीत झाली.

"तू क्या कर रहा है?" खानसाहेब ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. "बंदूक की नाल गरम हो के फैलती है. तूने उसका गला बाँध दिया."

मी म्हटलं, अजून थोडं आवळतो.

असं करत दसरा दोन दिवसांवर आला, भोकं वितीवरून भाकरीएवढी पसरली आणि बंदूक भाकरी सोडून बोलेना. रात्री मंदानं विचारलं, "हत्याराची पूजा केलीत का कधी?"

"अगं, क्लबात कसली पूजा?"

"मग रुसणार नाही तर काय करणार? गावाला खंडेनवमीला कोयत्याला हळदकुंकू लावता, विळ्याला लावता. ही एवढी तोलामोलाची, हिला काहीच नाही? उद्या मी येते."

आणि आली, शारजाच्या टॅक्सीतून, हातात ताट घेऊन. खानसाहेबांना मी म्हटलं, आमच्यात हत्यारांचा सण असतो. ते म्हणाले, "भाभी, नारियल बाहर फोड़ना," आणि गोळ्यांचं कपाट कुलूप लावून पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मंदानं बंदूक टेबलावर आडवी ठेवली, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर नीट बसेना म्हणून तिनं बोट तेलात बुडवून पुन्हा लावलं. उदबत्ती पेटवली आणि हात जोडले तेवढ्यात दारात अरबाब उभा.

तो उद्या यायचा होता. आज आला.

बंदुकीवरचं लाल बघून त्यानं मला विचारलं, "ये खून किसका है?"

मी मंदाकडे बघितलं. मंदानं पदर सारखा केला आणि चक्क मराठीत सांगितलं, "रक्त नाही, कुंकू आहे. तुमच्याच बंदुकीची पूजा केली. ह्यांच्या हातात काही राहिलं नाही आता, म्हणून."

खानसाहेबांनी त्यातलं जेवढं कळलं तेवढं हिंदीत सांगितलं. (शेवटचंही सांगितलं.) अरबाबनं फूल उचलून जपून मंदाच्या ताटात ठेवलं, खानसाहेबांकडून बंदूक पुसून घेतली आणि बाहेर जाऊन तीन गोळ्या मारल्या. मी कागद आणला. भाकरी.

"मेरे को चार उंगली मालूम था," अरबाब म्हणाला. "शिकार के लिए बस है. मैं तो देखता था, तुम एक छेद कैसे बनाएगा." त्यानं कागदावर पंजा पसरला, तरी एक भोक बाहेर राहिलं. "मेरा अच्छा बंदूक था, हबीबी. कल सुबह आएगा मैं."

तो गेला. मंदानं ताट आवरलं. "माझं सामान बांधायचं का?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक आला होता. मी पडद्यांचा विचार करत होतो.

दुपारभर मी आणि खानसाहेबांनी मिळून मी आवळलेलं सगळं सैल केलं. म्हणजे त्यांनी केलं. मला त्यांनी हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबाब आला. तीन गोळ्या मारल्या. मी कागद घेऊन येताना वाटेतच बोटं लावून पाहिली. चार. उन्हात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अरबाबनं कागद पाहिला, मान हलवली. "व्हिसा रहेगा. पाना खान के पास रहेगा." मग त्यानं तीन गोळ्या भरून बंदूक माझ्याच हातात दिली. "अब तुम मारो. एक छेद दिखाओ."

बंदुका पुसण्यात माझा जन्म गेला होता, उडवली एकही नव्हती. खानसाहेबांनी मला पिशवीमागे बसवलं. मी कडीला झटका दिला, डोळे मिटले आणि एकामागून एक तिन्ही उडवल्या. कागद आणला. खानसाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. अरबाबनं उन्हाकडे धरून पाहिला.

एकच भोक होतं.

"बाकी दो?" अरबाबनं विचारलं.

कागदामागं वाळूचा ढीग होता, दुमजली घराएवढा. गोळ्या त्यात अडाव्यात म्हणूनच तो रचलेला. मला फावडं देऊन तिकडं धाडलं. मी दुपारपर्यंत उकरत राहिलो, आणि मग खानसाहेबांनीच लांबून हाक मारून सांगितलं, "छोड़ दे. तू पहाड़ भी चूक गया है."