तुळजाचे उरलेसुरले अकरा

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं शेवग्याचा पाला निवडत बसलो होतो. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर पाला, आणि समोर एका लोखंडी तुकड्याला टेकवून ठेवलेला तिचा मोबाईल. मोबाईलमध्ये इंग्लंडात खेळणारा एक म्हातारा फुटबॉलवाला. म्हातारा म्हणजे त्यांच्यातला म्हातारा. आपल्याकडे त्या वयात थोरल्या पोराची मुंज होते.

"दाबा," तुळजा म्हणाली. तिचे हात पाल्यात अडकलेले.

"याला घ्यायचं? हा पोंगलपासून बाकावरनं उठलेला नाही."

"दाबा हो."

"आणि तो गोल मारणारा काढायचा?"

"गोल मारणारा काय, रोजचाच आहे. याचा शेवटचा दिवस आहे. दाबा."

मी अंगठ्याने बटण दाबलं. मग राहिलेला पाला निवडला. दोन सुरवंट निघाले, ते तिने काडीवर घेऊन खिडकीतून झाडाकडे फेकले. आमच्या संसारातलं दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. शनिवारी दुपारी जेवून आडवी झाली, ती चहाला उठली नाही.

मी सातवी पास. कारखान्यात टर्नर होतो, लेथवर लोखंड कातत आयुष्य गेलं. लिहायची सवय नाही. पण चेन्नईत वेलचेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आता सगळे म्हणतात की मामींना, म्हणजे तुळजाला, फुटबॉलमधलं फार कळायचं. हे साफ खोटं आहे. तिला काही कळत नव्हतं, मी छातीवर हात ठेवून सांगतो. मेलेल्या माणसाला लोक उगाच शहाणं करतात. म्हणून लिहायला बसलो.

ती या खेळात शिरली ती भांडायला जाऊन. आमच्या डोक्यावर प्रसन्ना राहतो. कॉम्प्युटरवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, स्वभावाने बरा पण आवाजाने मोठा. शनिवार-रविवार बिल्डिंगमधली सात-आठ कॉम्प्युटरवाली माणसं त्याच्या घरी जमून टीव्हीवर इंग्लंडचा फुटबॉल बघायची आणि छत हादरायचं. एका शनिवारी तुळजा पदर खोचून वर गेली. मी खाली वाट बघत बसलो, की आता भांडण ऐकू येईल. तासाभराने ती आली ती टीम घेऊन.

"म्हणजे काय घेऊन आलीस?"

"टीम. त्यांच्यातला एक कॅनडाला गेला. आठजण पाहिजेत म्हणाले. मी म्हटलं, सरि." सरि म्हणजे इथल्या भाषेत, चालेल.

खेळ असा होता. खरे खेळाडू तिकडे मैदानात खेळणार, आणि इकडे या आठांनी आपापल्या कागदावरच्या टीमा करायच्या. एक खेळाडू एकाच टीमला मिळणार. तो तिकडे गोल मारेल, अडवेल, त्याचे पॉइंट इकडे याला मिळणार. नुसतं मैदानात पाऊल टाकलं तरी एक पॉइंट. वर्षाच्या शेवटी ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. हिला मिळाली ती त्या कॅनडावाल्याची टीम, त्यातले निम्मे लंगडे. बाकी चांगले सगळे आधीच वाटले गेले होते. राहिले होते ते उरलेसुरले, कुणाला नको असलेले. त्यातून दर आठवड्याला एखादा घेता येतो, आपला एखादा सोडून.

आणि उरलेल्यातून निवडणं हा तुळजाचा जन्मजात उद्योग. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. लग्न ठरलं तेव्हा तिची मराठी मला निम्मी कळायची नाही, मी कराडकडचा. तिच्या बोलण्याला तमिळचा हेल, वाक्य असं वर नेऊन सोडायची की मला वाटायचं ही मला काहीतरी विचारते आहे आणि मी उत्तर देत बसायचो. ही बाजारात जायची ती भाजीवाल्या बायका उठायला लागल्यावर. "निवडलेल्यात कुणीही बघतो," म्हणायची. "टाकलेल्यात बघायला डोळे लागतात." लग्नासाठी मलाही तिने असाच बघितला असणार. माझ्या आधी तीन घरांनी मला नको म्हटलं होतं.

खेळाडू ती कसा निवडायची ते सांगतो. मोबाईलवर त्याचा फोटो उघडायची आणि बोटांनी मोठा करत करत नुसतं नाक उरेपर्यंत न्यायची. मग कान. मग मान. मग विचारायची, "याची सासू कोण?" सासू म्हणजे त्या टीमचा कोच. कोच टीव्हीवर हात-पाय आपटत ओरडणारा असला की त्या घरातला खेळाडू ती घ्यायची नाही. "असल्या सासूच्या हाताखाली सून फळत नाही." प्रसन्नाने तिला पहिल्या महिन्यात आकड्यांचा तक्ता दाखवला. कोण किती पळतो, किती पास देतो. तिने चष्मा लावून सगळा बघितला आणि विचारलं, "यात स्वभाव कुठे लिहिलाय?"

त्या वर्षी तिने उचललेल्यांत पहिला लोणच्या. नाव इंग्रजी होतं, ते आम्हाला म्हणता यायचं नाही, म्हणून सगळ्यांना नावं तिनेच ठेवली होती. हा मागे उभा राहून अडवणारा. तोंड असं, की आंबट कैरी दाताखाली आली आहे. मी म्हटलं, याला कशाला घेतेस, याच्याकडे बघून दूध नासेल.

"असं तोंड करणारा माणूस काम करतो," ती म्हणाली. "हसरा माणूस काम टाळतो. तुम्ही किती हसता बघा."

लोणच्याने त्या वर्षी डोक्याने एवढे गोल मारले की प्रसन्ना वर येता-जाता आमच्या दाराकडे संशयाने बघायला लागला.

दुसरा बाळंतीण. हा पुढे खेळणारा, याला मूल झालं अशी बातमी आली. तुळजाने त्याला लगेच काढून टाकला. घरात बाळ रडतंय, झोप नाही, हा काय धावणार. त्याच आठवड्यात त्याने तीन गोल मारले. मी हसलो. ती म्हणाली, "झोपायला मिळेना म्हणून गेला असेल मैदानात." दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. तोवर उचलला कुणीच नव्हता, कारण बाकीच्यांना वाटलं मामी काढतात म्हणजे काहीतरी असेल. त्यानंतर त्याने एकही गोल मारला नाही. तुळजा म्हणाली, बाळ झोपायला लागलं असणार.

आणि एक गुडघेवाला. हा ऑगस्टमध्ये पडला आणि त्याचा गुडघा गेला. वर्षभर एक पॉइंट नाही. प्रसन्ना जिन्यात तिला थांबवून हात जोडायचा. "मामी, त्याला सोडा. जागा अडवून बसलाय." तो तमिळमध्ये बोलायचा, मी इथे आपल्या भाषेत लिहितो.

"आजारी माणसाला घरातनं काढतात का रे?"

"मामी, हा खेळ आहे."

"यांचे दोन्ही गुडघे गेलेत," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ठेवलंय ना."

असं असून ती वर वर जात राहिली. नशीब म्हणा. आंधळ्याने मारलेला दगड म्हणा. होळीच्या सुमारास पहिला प्रसन्ना, दुसरी तुळजा. आणि तेव्हाच झाडाचं निघालं.

आमच्या खिडकीखाली शेवग्याचं झाड आहे. तुळजाने फांदी खोचून लावलेलं. पुराच्या वर्षी तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं तेव्हाही पडलं नाही. त्या झाडावर सुरवंट होतात, केसाळ, इथे त्यांना कंबळिपूची म्हणतात, अंगाला लागला की माणूस नाचतो. त्यातला एक खिडकीतून प्रसन्नाच्या शर्टात गेला, नेमका तो मोबाईलवर परदेशातल्या साहेबांशी बोलत असताना. साहेबांनी त्याला पूर्ण नाचलेला बघितला. त्या दिवसापासून त्याने धरलं, झाड तोडा. शिवाय तिथे एक गाडी मावते. सोसायटीची मीटिंग झाली. निम्मे तोडा म्हणाले, निम्मे नको म्हणाले. तासभर वाद झाला. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं, तुम्हा दोघांत फुटबॉलची लीग जो जिंकेल त्याने ठरवा. सगळे हसले.

तुळजा हसली नाही. "सरि," म्हणाली. प्रसन्नाला पण मग सरि म्हणावं लागलं.

मीटिंग झाल्यावर मी तिला घरी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? गोऱ्यांच्या पायांवर आपलं झाड लावलंस."

"आपल्या पायांवर कुठे काही राहिलंय?" ती म्हणाली आणि माझे गुडघे चोळायला तेल गरम करायला गेली.

त्यानंतर बाई बदलली. हसणं कमी झालं. सकाळी झाडाखाली उभी राहून वर बघायची, मग मोबाईलमध्ये बघायची. शेंगा काढून शेजारी वाटायची आणि प्रसन्नाच्या घरी दोन जास्त द्यायची. मी म्हटलं, दुश्मनाला कशाला? तर म्हणाली, सांबारात शेंग खाताना माणसाला लाज वाटली पाहिजे. प्रसन्ना सांबार खात होता आणि गाडीची जागा खडूने आखून ठेवत होता. दोन्ही करत होता.

शेवटचा आठवडा आला तेव्हा ती अगदी थोडी मागे होती. त्यात त्या म्हाताऱ्याची बातमी आली. रविवारी त्याची शेवटची मॅच, नंतर तो रिटायर. कुणाच्या टीममध्ये नव्हता, कशाला असेल, पोंगलपासून बाकावर बसलेला. तुळजाने त्याचा फोटो नाकापर्यंत मोठासुद्धा केला नाही. "हा खेळणार," म्हणाली.

"कशावरून?"

तिने मोबाईल टेकवलेला लोखंडी तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

तो तुकडा माझा. आमच्या कारखान्यात रिवाज होता. रिटायर होणाऱ्याला शेवटच्या दिवशी काम देत नसत. पण जेवणाच्या सुट्टीआधी त्याला त्याच्या लेथवर एकदा उभा करायचे. बटण त्यानेच दाबायचं, एक रद्दी तुकडा कातायचा, कशालाही उपयोग नसलेला. तो कातून झाला की सगळं खातं हातातलं टाकून टाळ्या वाजवायचं, आणि तो तुकडा त्याला देऊन टाकायचे. त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. तुळजा आली होती, कानात कापूस घालून. माझा तुकडा वाकडा कातला गेला होता. तिनेच तो पिशवीत घालून घरी आणला आणि कधी दाराला, कधी लोणच्याच्या बरणीवर, शेवटी मोबाईलला लावला.

"म्हाताऱ्याला तसंच घरी पाठवतात का?" ती म्हणाली. "कितीही कजाग सासू असली तरी शेवटी दोन मिनिटं उभा करणारच. लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात."

म्हणून शुक्रवारी मी ते बटण दाबलं.

शनिवारी ती गेली. रविवारी सकाळी नेली. प्रसन्नाने खांदा दिला, पुढचा डावा. खडूची रेघ ओलांडूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. त्याने खाली बघितलं आणि पाय पुढे टाकला. आमचा दोघांचाच संसार, मूलबाळ नाही. तिच्या भावाचा मुलगा तंजावरहून आला, त्याने सगळं केलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. टाळ्या वगैरे काही झालं नाही. अशा वेळी कोण वाजवतं. ती कधी रिटायर झालीच नव्हती. शनिवारी दुपारची भांडीसुद्धा तिनेच घासून पालथी घातली होती.

रविवारी रात्री वरून आवाज आला नाही. मॅच असून छत गप्प होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून बघितलं असणार. मला राग आला. ज्या शांततेसाठी ती भांडायला वर गेली होती ती आज मिळाली होती आणि ऐकायला तुळजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसन्ना दारात उभा. घरात चूल पेटलेली नाही म्हणून फ्लास्कमध्ये कॉफी आणली होती. दुसऱ्या हातात मोबाईल. दाढी वाढलेली. कॉफी ओतली, आणि खाली बघत म्हणाला,

"अंकल, त्या म्हाताऱ्याला आणलं काल."

"कधी?"

"अगदी शेवटी. मॅच संपतच आली होती. चेंडूला पायसुद्धा लागला नाही त्याचा."

"मग?"

"मग एक पॉइंट." त्याने फ्लास्कचं झाकण लावलं. "मामी एका पॉइंटने जिंकल्या. झाडाला कुणी हात लावणार नाही."

मी कॉफी प्यायलो. साखर कमी होती. मग विचारलं, "टाळ्या वाजवल्या का त्याला?"

"सगळं स्टेडियम उभं होतं, अंकल."

तो गेला. मी लुंगी नीट केली, गुडघे धरत जिना उतरलो आणि झाडाखाली जाऊन उभा राहिलो. खडूची रेघ होती अजून. वर बघितलं. शेंगा लागल्या होत्या, सुरवंट पण होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी टाळ्या वाजवायला लागलो. एक-दोन वाजवून थांबणार होतो, पण हात थांबेनात.

गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. म्हणाला, "काय अय्या, कावळे हाकलताय?" आणि माझं उत्तर यायच्या आत काठी बगलेत धरून तोही जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. झाडावर एक कावळा नव्हता. मी पण त्याच्याबरोबर वाजवत राहिलो. चांगला वाजवत होता.