चिपवरचा खडूस माणूस

अगं प्राजू, हातातलं ठेव आणि आधी हे ऐक! आत्ता तासाभरापूर्वी दुकानात काय झालं माहितीये? थांब, असं नाही कळणार. आमच्या दुकानातले किस्से म्हणजे कोंबलेलं कपाट गं. एक काढायला जावं तर वरचे चार आधी डोक्यात पडतात!

तुला माहितीये, आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, जन्मभर सदाशिव पेठेत लग्नपत्रिका छापल्या. आता पत्रिका मोबाइलवर जातात, म्हणून त्यांनी पोकर चिप्स छापायचं मशीन घेतलं. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडतात ना, त्या गोल चकत्या. गिऱ्हाइकाने वेबसाइटवर स्वतःच डिझाइन करायचं, रंग, नाव, फोटो. ते सांभाळायला मी. अनुभव शून्य! काकांनी इंटरव्ह्यूला एकच विचारलं, "जेवलीस का?" नाही म्हटलं तर स्वतःचा डबा पुढे सरकवला. वर म्हणाले, "दिवाळीपर्यंत चाललं तर तू इथे. नाही तर मशीन विकायचं आणि तुला अकोल्याच्या गाडीत बसवायचं."

मला तेव्हा पुण्यात दुसरं कोणी दारातही उभं करत नव्हतं गं!

*

पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, "वेबसाइटवर लिही, दुपारी एक ते चार डिझाइन करू नये."

"अहो काका, वेबसाइटला कुठे झोप लागते?"

"मला लागते."

लिहिलं! तर अमेरिकेतून एकाचा मेल. एक ते चार तुमचे की आमचे? काकांनी उत्तर टाइप करायला लावलं, "पुण्याचे."

*

मग मी काकांना 'अनडू' शिकवलं, केलेलं मागे घ्यायचं बटण. ते इतके खूश, की दाबतच राहिले. माझं सकाळपासूनचं डिझाइन गेलं, पार कोरा गोल उरला! मी रडकुंडीला. काका म्हणाले, "शाईत ही सोय असती तर किती लग्नं सुधारली असती!"

*

एकाने सगळ्यात मोठ्या चिपवर गणपती टाकला. काकांनी थेट फोन लावला, "अहो, डाव हरलात तर बाप्पाला दुसऱ्याच्या घरी पाठवणार का आपण?"

त्याने निमूट हापूस आंबा टाकला.

*

आता आजचं. वेबसाइटवरच्या डिझाइनच्या टूलमध्ये मधोमध एक नमुन्याचा फोटो असतो, गिऱ्हाइकाने तो काढून आपला टाकायचा. गेल्या आठवड्यात काकूंनी मला काकांचा कॉलेजातला फोटो दिला. भरघोस केस, मिशा, कपाळावर आठी! गंमत म्हणून मी तोच नमुना लावला. सांगायचं राहून गेलं.

परवा मी तापाने घरी. नेमकी बिबवेवाडीच्या एका ग्रुपची दिवाळीची ऑर्डर आली. त्यांनी रंग टाकले, नाव टाकलं, फोटो बदलायचा विसरले! काकांनी छापून, बांधून देऊनही टाकली. मला फोन, "काम झालं. माणूस खडूस दिसतोय, पण रंग झकास उतरलाय."

आज उरलेली चिप बघितली, तर वर काका! म्हटलं, गेली दिवाळी, आलं अकोला! चिप काकांपुढे धरली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कितीतरी वेळ बघत बसले.

"केस बरे होते माझे."

एवढंच!

तेवढ्यात तो बिबवेवाडीवाला दारात. मी कपाटामागे. काका पुढे झाले, "चूक दुकानाची आहे. पुन्हा छापून देतो." माझं नावसुद्धा काढलं नाही गं!

"अहो, छापाच! पण हेच तोंड! याच्याकडे बघून कुणाची ब्लफ मारायची हिंमत होत नाही. ऑफिसच्या सगळ्या टीमना हव्यात. कोण हो हा?"

"आहे एक ओळखीचा," काका म्हणाले.

"मग त्याचा मोठा, स्पष्ट फोटो मिळवा. आता म्हातारा असला तरी चालेल, पण असाच खडूस पाहिजे. नाही तर ऑर्डर कॅन्सल!"

प्राजू, एवढी ऑर्डर म्हणजे माझी नोकरी पक्की!

तो गेला. काका आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. उरलेल्या केसांना तेल, भांग. माझ्या मोबाइलसमोर स्टुलावर ताठ बसले. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची नावं छापली. आपलं काहीतरी पहिल्यांदाच छापतोय."

मग लाजतच विचारलं, "हसू का गं?"

तू काय सांगितलं असतंस?