लॅपटॉप घेऊन ये

लिफ्टमध्ये बामचा वास आला की मला परदेशातल्या, हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या ऑफिसातला तो अमेरिकन आठवतो, कारण तो रोज गुडघ्यांना बाम चोळून यायचा. त्यांच्या त्या धडका मारायच्या फुटबॉलमध्ये तो वर्षानुवर्षं एका संघातून दुसऱ्या संघात जात राहिला, कुठेच टिकला नाही, आणि गुडघे गेल्यावर आमच्याकडे लागला. एका सकाळी मी त्याला फोनवर एवढंच म्हणालो, "केबिनमध्ये ये, लॅपटॉप घेऊन ये." थोड्या वेळाने आमच्यातली पुण्याची मुलगी दारात आली. "सर, तो सगळ्यांना बाय करत फिरतोय. काढलंत की काय त्याला?" मागोमाग तो आला, पाठीला सॅक लावून, आणि लॅपटॉप त्याने माझ्या टेबलावर ठेवला. संघातून काढताना खेळाडूला असंच बोलावतात म्हणे, डावपेचांची वही घेऊन ये म्हणून. मी घाईघाईने म्हणालो, "अरे, मला फक्त आकडे बघायचे होते. तू इथेच राहणार आहेस." तो हसेल असं वाटलं होतं, पण तो उभाच राहिला. "हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, "आता काय करायचं असतं?" मी त्याला बसायला सांगितलं आणि खरोखरच आकडे बघत बसलो. दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही.