दोन चिठ्ठ्या, एकच उत्तर

एक वाळूचं घड्याळ चार मिनिटांचं, दुसरं सात मिनिटांचं. एवढ्यावर नऊ मिनिटं मोजून दाखवा. हे कोडं घातलं की लोक खिशातून मोबाइल काढतात आणि म्हणतात, यात टायमर आहे की. अशा माणसांशी माझं कधी जमलं नाही. साहजिकच माझं फारच थोड्या माणसांशी जमलं.

खडकीच्या एका कारखान्यात, मोजमाप विभागात, माझी सगळी नोकरी झाली. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मोजायची आणि बरोबर की चूक ते सांगायचं, एवढंच काम. त्यामुळे आम्ही कोणाचे लाडके नव्हतो. आमच्याकडे एक रीत होती. महत्त्वाचं माप एकट्यानं घ्यायचं नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आकडे जुळले तर दोघांच्या सह्या. नाही जुळले तर पुन्हा पहिल्यापासून.

बावीस वर्षं माझ्या सहीशेजारची सही एकाच माणसाची होती. ते कसबा पेठेत राहतात. त्यांचं घराणं चार पिढ्या तिथलंच, आजोबांचं अत्तराचं दुकान होतं. बोलणं कमी, हात स्थिर. आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो केलं. एकाच वर्षी निवृत्त झालो आणि त्यानंतर दर गुरुवारी पाच वाजता ते नारायण पेठेत माझ्याकडे यायला लागले. निमित्त कोड्याचं. कोडं मी शोधून ठेवायचो, नेहमी काळाचं नाहीतर मापाचं. लांडगा-शेळी-कोबी नदीपार नेण्याचं कोडं मला पोरकट वाटतं. मी मोठ्यानं वाचायचो, दोघं आपापलं सोडवायचो, चिठ्ठ्यांची घडी घालून टेबलावर ठेवायचो. मग मी चहा करून आणायचो आणि चिठ्ठ्या उघडायच्या.

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी परगावी असते, रविवारी फोन करते. बाकीचे दिवस कसे जातात हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. एका मंगळवारी मी मोजलं होतं: सकाळपासून रात्रीपर्यंत मी सतरा शब्द बोललो. त्यातले नऊ इस्त्रीवाल्याशी, बाकीचे कुरिअरवाल्याशी, तेही तो शेजाऱ्यांचं पार्सल माझ्या गळ्यात मारत होता म्हणून. बुधवारी संध्याकाळपासून मला जरा बरं वाटायला लागायचं.

पूर्वी आमची उत्तरं कधी कधी जुळायची नाहीत. मग तास-दोन तास वाद, कागदावर कागद. गेल्या वर्षभरात मात्र एकदाही वाद झाला नव्हता. प्रत्येक चिठ्ठी जुळत होती. मला वाटलं, वय वाढलं तसे आपण दोघं तरबेज होत चाललोय. असा भ्रम व्हायला माणूस थोडा मूर्ख आणि बराच खूश असावा लागतो.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कोडं सोपं होतं. एक घड्याळ दिवसाला तीन मिनिटं पुढे जातं, दुसरं दोन मिनिटं मागे पडतं. आज दुपारी बाराला दोन्ही बरोबर लावली, तर दोघांचे काटे पुन्हा एकसारखे किती दिवसांनी दिसतील? रोज पाच मिनिटांचं अंतर पडतं, बारा तासांचं अंतर पडलं की काटे पुन्हा जुळतात. म्हणजे सातशे वीस भागिले पाच. मी लिहिलं, एकशे चौतीस. त्यांच्या चिठ्ठीवरही एकशे चौतीस. चहा झाला, ते गेले.

शुक्रवारी सकाळी वहीत उतरवताना लक्षात आलं, उत्तर एकशे चव्वेचाळीस आहे. तिसरीतल्या मुलालाही जमेल असा भागाकार मी चुकवला होता. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण मला दुसरंच दिसलं. रीत एकच असेल तर दोघांचं उत्तर सारखं येतं. भागाकारातली घसरण मात्र ज्याची त्याची असते. दोघांची तीच चूक, त्याच आकड्यापर्यंत, याचा आमच्या विभागात एकच अर्थ होता: मोजलं एकानेच.

मी तेव्हाच फोन लावला. थोडं थांबावं, असं मनातही आलं नाही.

"कालचं कोडं तुम्ही सोडवलं होतं, की नुसतीच सही केली होती?" नव्या पोरांना विचारायचो तसंच विचारलं.

ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. मी साडेसहापर्यंत दोन कप मांडून बसलो होतो. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी स्वतःशी म्हणत होतो की चूक त्यांची आहे, आणि ती होतीच. पण घरात ते ऐकायला कोणी नव्हतं. मग मी एकट्यानं रीत चालू ठेवायचा प्रयत्न केला. सकाळी कोडं सोडवून चिठ्ठी डब्यात टाकायची, संध्याकाळी पुन्हा नव्यानं सोडवायचं आणि दोन्ही चिठ्ठ्या ताडून बघायच्या. प्रत्येक वेळी जुळायच्या. सकाळचा आकडा मला आठवत असायचा, दुसरं काय! चौथ्या दिवशी चिठ्ठी उघडताना मला इतकं एकटं वाटलं की मी डबा उचलून कपाटात ठेवून दिला.

तिसऱ्या गुरुवारी मीच कसब्यात गेलो. चालत गेलो, वीस मिनिटं लागली. त्यांच्या सुनेनं दार उघडलं आणि आत हाक मारली, "अब्बा, खडकीचे काका आलेत." ते खिडकीपाशी बसले होते. रागावलेले दिसत नव्हते.

"बसा," ते म्हणाले. "खिशात काय आणलंय?"

खिशात कोडं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घेतलं होतं.

"वाचा," ते म्हणाले. मी कागद उलगडला, पण एक ओळ वाचून थांबलो. "त्या दिवशीचं," मी म्हणालो, "माझं बोलणं जरा जास्त झालं."

"तुमचं बोलणं बरोबर होतं. तुम्ही चहाला आत गेलात की मी तुमची चिठ्ठी बघायचो. वर्ष झालं. आकडे आता डोक्यात थांबत नाहीत. आणि खरं सांगू का? मला कोडी कधी आवडलीच नाहीत."

"बावीस वर्षं तर..."

"अहो, ती नोकरी होती."

"मग दर गुरुवारी येत कशाला होतात?"

"तुम्हाला भेटायला. उत्तर जुळलं की तुम्ही खुलायचात. नाही जुळलं की दोन तास कागद. म्हणून जुळवून टाकायचो."

"मग सांगायचंत ना, कोडं नको म्हणून."

"आणि कोडं नसतं तर मी का आलोय, हे तुम्हाला उमगलं असतं?"

बाहेर कोणीतरी रिक्षा मागे घेत होतं, तिचा आवाज थांबेपर्यंत मी हातातल्या कागदाची घडी घालत राहिलो.

"माझी बायको गेली," ते म्हणाले, "त्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही आलात. तिथेच बसलात, आत्ता बसलाय तिथे. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी विचारेल. तुम्ही मेणबत्त्यांचं कोडं काढलंत."

मला आठवलं. दोन सारख्या उंचीच्या मेणबत्त्या, एक चार तासांत जळते, एक तीन. दोन वर्षांपूर्वीचं कोडं, पण आकड्यांसकट आठवलं. त्यांचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी ते मुद्दाम निवडून नेलं होतं, आणि परत येताना रस्ताभर स्वतःवर खूश होतो. त्यांनी ते सोडवलंही होतं, उत्तर बरोबर होतं. आता मात्र मला त्यांच्याकडे बघवेना. एखाद्या माणसाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तो माणूस मीच होतो.

हातातला कागद मी खिशात कोंबला. त्या कशानं गेल्या, हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. आणि विचारायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की त्याच्याही आधीचं काही मला माहीत नाही. एकतीस वर्षांची ओळख, आणि मी त्यांच्या बायकोला कायम "तुमच्या घरी" असंच म्हणत आलो होतो.

"त्यांचं नाव काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नाव सांगितलं. दोन वर्षांत हे नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं, म्हणाले, घरात सगळे अम्मीच म्हणायचे. आणि चष्मा काढून ते रडायला लागले. मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि बसून राहिलो.