मदरशातली आमची अभ्यासिका

तुमच्या गावातली सगळ्यात जुनी इमारत आज कोणाच्या कामाची आहे, हे कधी विचारलंत?

मी विचारते आहे आमच्या नगरातल्या एका जुन्या मदरशाबद्दल. निजामशाहीत तिथं मुलं धडे म्हणायची. पुढे इंग्रजांची कचेरी आली, मग धान्याचं गोदाम, मग शाळा. शाळा हलली आणि आम्ही मुलींनी तिथं अभ्यासिका सुरू केली. माझी अक्षरओळख वडिलांच्या मोर्च्याच्या पत्रकांवर झालेली. हक्काच्या जागेवरून मी सहजी उठत नाही.

त्या दालनाची एक गंमत आहे. एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की कमानीवरून ते समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. एकमेकींचं पाठांतर घ्यायला आम्ही दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसतो. मधल्या मुलींच्या वाचनात व्यत्यय नाही.

परवा पाहणीला महापालिकेचे साहेब आले, सोबत एक मंडपवाला. आमच्या कोपऱ्यापुढे कपाटं, त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण त्यांना दिसलोच नाही. पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन साहेब हळूच म्हणाले, "पोरींना हलवतो. मग तुझ्या गाद्या, बांबू इथं टाक."

ही मैत्रीण श्रीगोंद्याची, तलाठी भरतीचा अभ्यास करते. भाड्याच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. तिला अभ्यासाला हीच एक जागा. ती भिंतीशी तोंड नेऊन गुरगुरली, "पोरी न्हाई हलायच्या. तुमीच हला!"

मंडपवाल्यानं आधी चप्पल काढली, मग भिंतीला हात जोडले. "बाबा, चुकलं! गाद्या न्हाई आनत!"

"कोण बोलतंय?" साहेबांनी भिंतीलाच विचारलं.

"हितं शिकून गेलेली समदी!"

मला हसू आवरेना. माझं हसू तिकडं भिंतीतून निघालं, तसा मंडपवाला अनवाणी रस्त्यावर! सगळं दालन पोट धरून हसलं. आम्ही कपाटाआडून बाहेर आलो, तेव्हा साहेबही हसत होते, कान मात्र लाल.

"बायांनो, इथं बसतं कोण? चार डोकी," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी पुन्हा येतो. दालन भरलेलं दिसलं, तर अभ्यासिका राहील."

शिकायला बांधलेल्या जागेत गाद्यांनी लोळायचं, हे मला मंजूर नाही. म्हणून सोमवारी या. आजोबा या, मावश्या या, मिरजगावहून येणारी पहिली एसटी पकडून या. पुस्तक आणा, नसेल तर वर्तमानपत्र आणा, आणि साहेब जाईपर्यंत कोणीही उठू नका.