लसूण न शिजलेल्या घरातला वास

"काय वो बाई, आपलं ठरलं काय होतं?" आक्का दारातच उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला. "लसणाचा वास पार अंगणात आलाय की."

"आवं आक्का, लसूण घरातच न्हाई," आई म्हणाली. "ह्यो माझा हात. हुंगून बघा." तिने उजवा तळहात पुढे केला.

आक्कांनी तो हुंगला नाही. त्या तळहाताकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला आणि त्या मागे सरकल्या. घरमालकीण भाडेकरणीवर रागावते, हे मी समजू शकत होते. ती तिच्या हाताला का भ्यावी, ते मला कळेना.

महायुद्धाची वर्षे होती. सांगलीतल्या एका लहान लॅबोरेटरीत मी असिस्टंट केमिस्ट होते. विहिरीचे पाणी, तूप, हळद असे जे नमुने येतील ते तपासायचे आणि भेसळ आहे की नाही ते सांगायचे, हे माझे काम. वडील पलटणीत सुभेदार होते. ते गेल्यावर आई कोरेगावाबाहेर मळ्यात एकटी राहत होती. तिची दृष्टी मंदावत चालली होती. मला बंगलोरला पुढील संशोधनासाठी जागा मिळाली होती. जाण्यापूर्वी आईला सांगलीतच चांगल्या वस्तीत, डॉक्टरांजवळ, नळाचे पाणी असलेले घर मिळवून द्यायचे होते. ते मिळाले नसते तर मी बंगलोरला नकार कळवणार होते.

अशी घरे आमच्या ऐपतीत बसत नव्हती. हे एकच बसले. गल्ली जैनांची, स्वच्छ, शेजारणी मायाळू, डॉक्टर कोपऱ्यावर. आक्का विधवा होत्या आणि लगतच्या घरात राहत. त्यांनी भाडे इतके कमी सांगितले की मी भिंतींना तडे आहेत का ते पाहिले. तडे नव्हते. अट एकच होती: घरात कांदा-लसूण शिजवायचा नाही. जैनांच्या घरात ही अट असणारच.

आई हसून म्हणाली होती, "लसणाच्या चटनीबिगर भाकरी घशाखाली उतरायची न्हाई गं, सुशे. पन डोळं गेलं तर चटनी तरी कशी दिसंल?" लसणाची शेवटची माळ तिने कोरेगावातच वाटून टाकली.

मी स्वतः लेडीज होस्टेलमध्ये राहत असे आणि सुट्टीच्या दिवशी आईकडे जाई. श्रावण लागला, हवा दमट झाली आणि तो वास सुरू झाला. तो रोज येत नसे. पावसाची झड लागून खिडक्या बंद ठेवल्या की आतल्या खोलीतून येई. कोणी तरी नुकताच लसूण ठेचला असावा, असा. मी सगळे फडताळ उपसले, चूल पाहिली, शेजारच्या मोऱ्या पाहिल्या. लसणाची साल नावालाही सापडली नाही.

आक्का मागे सरकल्या त्या दिवशी, त्या गेल्यावर, आईने मला खाली बसवले.

"तुला सांगनार न्हवते. गल्लीतल्या बाया म्हनत्यात, आपल्या आधी हितं एका कारकुनाची बायकू ऱ्हात हुती. जतकडची पोर. वास सुटायचा तसा आक्का तिला बोलायच्या. ती असाच हात फुडं करायची. म्हनायची, हुंगा, म्या न्हाई खाल्ला. खंगत खंगत त्या आतल्याच खोलीत मेली. आता तीच लसूण ठेचती म्हनं."

"आई, तू यावर विश्वास ठेवतेस?"

"म्या कशाला ठेवू? पन दुपारची पडले की आत कुनीतरी खोकतंय. म्या उठून बगते तर कुनी न्हाई." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आनी एक. ह्या घरात पाल न्हाई, सुशे. कोळ्याचं जाळंबी न्हाई. असं घर म्या जल्मात बघितलं न्हाई."

मी आतल्या खोलीत गेले. भिंती गर्द हिरव्या होत्या, पोपटाच्या पंखासारख्या. ते घर घेताना मला त्या रंगाचे कौतुक वाटले होते. खिडकीच्या कट्ट्यावर मेलेल्या माश्या पडल्या होत्या, पाय वर करून, जणू कोणी ओळीने मांडून ठेवल्या होत्या. कोपऱ्यात ओल चढली होती आणि हिरव्यावर करड्या बुरशीचे ठिपके उमटले होते. त्या कोपऱ्याशी वाकले तेव्हा लसणाचा वास थेट नाकात शिरला. खोलीत मी एकटीच होते. तरीही मी मागे वळून पाहिले.

मग आईचे हात हातात घेतले. तळव्यांची कातडी जाड, खरखरीत झाली होती. आवाज घोगरा झाला होता. पायांना मुंग्या येतात, हे तिने वयाच्या खात्यात टाकले होते. ती पोरही तेच म्हणायची का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कोपऱ्यातला रंग मी काचेच्या नळीत खरवडून घेतला आणि आईला म्हटले, आजपासून बाहेरच्या ओटीवर झोपायचे.

आमचे चीफ केमिस्ट कामतसाहेब नळीकडे पाहून म्हणाले, "मिस शिंदे, हे सॅम्पल कोणत्या खात्याचे?"

"माझ्या आईच्या भिंतीचे, सर. मार्श टेस्ट करायची आहे."

"युद्धात शुद्ध झिंक मिळत नाही. आणि तुम्ही भिंती तपासणार? तक्रार काय आहे भिंतीची?"

"तिला लसणाचा वास येतो. आणि तिच्याजवळ माश्या मरतात."

साहेबांनी चष्मा काढला. "आधी ब्लँक घ्या," एवढेच म्हणाले आणि स्वतः कपाट उघडले.

मार्श टेस्ट म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक, ओळखण्याची जुनी परीक्षा. झिंकवर ॲसिड ओतले की वायू निघतो. तो बारीक नळीच्या तोंडाशी पेटवायचा आणि ज्योतीत थंड, पांढरी चिनीमातीची बशी धरायची. नमुन्यात सोमल असेल तर बशीवर काळा, आरशासारखा डाग बसतो. ब्लँक म्हणजे नमुना न घालता केलेली चाचणी. आपले झिंक आणि ॲसिडच दूषित नाही ना, याची खात्री.

ब्लँकमध्ये बशी पांढरी राहिली. मग मी रंग घातला. ज्योत निळसर झाली आणि बशीवर तपकिरी कडा असलेला काळा डाग पसरत गेला. त्यात मला माझा चेहरा दिसला.

"माणसे झोपतात त्या खोलीत हा रंग?" साहेबांनी विचारले.

"एक मेली आहे, सर."

आक्कांना मी बशी दाखवली आणि रंगाची चौकशी केली. रंग त्यांच्या यजमानांनी मुंबईहून आणला होता. दुकानदार म्हणाला होता, या रंगाला किडा-मुंगी जवळ येत नाही. यजमानांना ते पटले. जीव जवळच आला नाही तर मारण्याचे पाप लागणार नाही. रंग भिंतीला धरावा म्हणून त्यांनी तो गव्हाच्या खळीत कालवला होता. सोमलाचा रंग आणि त्यात खळ. दमट हवेत खळीवर बुरशी येते, बुरशी सोमलाचा वायू करते, आणि त्या वायूला लसणाचा वास असतो. दुसऱ्या कोणत्या वस्तीत तो वास स्वयंपाकात हरवून गेला असता. इथे तो लपू शकला नाही, पण त्याचा आळ भलतीवरच गेला.

आक्का म्हणाल्या, "ती पोर हातापायाला मुंग्या येतात म्हणायची. मी म्हटलं, चोरून खातीस, वर सोंगं करतीस." त्या बशीला हात लावायला गेल्या. मी त्यांचा हात धरला.

आईला कोरेगावला पाठवले. भिंती ओल्या ठेवून, धूळ उडू न देता, विटांपर्यंत खरवडून घेतल्या. तो चुरा विहिरींपासून आणि रानांपासून दूर खोल पुरला. मग नुसता चुना दिला. आईच्या पायांच्या मुंग्या सावकाश कमी झाल्या. दिवाळीनंतर ती परत आली. आक्कांनी भाडे वाढवले नाही आणि अटही काढली नाही. आईने दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

खोकल्याचा आवाज मात्र पुन्हा आला नाही. मी ते कामतसाहेबांना सांगितले.

"मार्श टेस्टमध्ये खोकला दिसत नाही," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये लिहू नका."

मी लिहिले नाही.

बंगलोरला निघण्याच्या आदल्या दुपारी आक्का आमच्याकडे आल्या. पांढऱ्या झालेल्या खोलीत जमिनीवर टेकल्या. भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "ती पोर खरं सांगत होती."

तुळईवर पाल चुकचुकली. त्या घरातली पहिली. पाल बोलली की बोलणे खरे, असे मानणाऱ्या आई आणि आक्का, दोघींनी एकाच वेळी जमिनीवर बोट वाजवले.

पुढे मी पुष्कळ नमुने तपासले. तेव्हापासून एक नियम पाळत आले आहे. वास कशाचा, हे माणसाला विचारण्याआधी भिंतीला विचारावे. भिंतीला हात पुढे करून गयावया करावी लागत नाही.